रोजची प्रार्थना रोजचं भांडण होत असेल तर

एका ख्रिस्ती आईचं पत्र आलंय. तिचा प्रश्न थोडक्यात असा. मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा. रात्री जेवणं झाली की अर्धा तास कौटुंबिक प्रार्थना होते. मुलांचे बाबा पवित्र शास्त्रातला (बायबलमधला) एक अध्याय वाचतात, एक गीत होतं, मग प्रत्येकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. धाकटा पलंगाखाली शिरतो, मोठी सारखी "संपलं का?" विचारते आणि शेवट कुणाच्या तरी रडण्यानं होतो. रविवारच्या उपासनेतही तीच तऱ्हा. काही महिन्यांपूर्वी मुलांची आजी, म्हणजे आईची आई, आजारपणात वारली. तेव्हापासून मुलगी विचारते, "आपण रोज मागितलं होतं ना, मग देवानं आजीला बरं का नाही केलं?" आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "हल्ली मलाही प्रार्थना करावीशी वाटत नाही. मुलांना विश्वासात वाढवण्यात आम्ही कमी पडतोय का?"

ताई, मी बरीच वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांसाठीच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत, लहानांचा वर्ग घेते आणि त्यांच्या आईबाबांशीही बोलते. तुमच्या घरातलं चित्र मला अजिबात वेगळं वाटलं नाही. तीन वर्षांचं मूल अर्धा तास स्वस्थ बसत नसेल तर ते मूल ठणठणीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. काळजी करायची तर ती वेगळ्याच गोष्टीची. रोज रात्री देवाचं नाव निघालं की पाठोपाठ ओरडा बसतो, हे मुलांच्या मनात जोडलं जातंय. अध्यायात काय होतं हे ती आठवड्याभरात विसरतील. हा जोड मात्र विसरत नाहीत. माझ्या वर्गात अशी मुलं येतात. त्यांना वचनं पाठ असतात, पण "चला, प्रार्थना करू या" म्हटलं की त्यांचे खांदे आक्रसतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे अर्ध्या तासाची पाच मिनिटं करा. हे ऐकून मुलांचे बाबा कदाचित नाराज होतील. त्यांना वाटेल, जगाच्या रेट्यापुढे आपण माघार घेतोय. त्यांना प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याचं उदाहरण सांगा. त्यानं १५२९ मध्ये विश्वासाची ओळख करून देणारी लहान प्रश्नोत्तरावली लिहिली ती घरच्या कर्त्या माणसानं आपल्या घरच्यांना शिकवावी म्हणून. तिच्यात सकाळ-संध्याकाळची प्रार्थना कशी करावी तेही दिलं आहे: विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारे ठरलेले शब्द), प्रभूची प्रार्थना (येशूनं शिष्यांना शिकवलेली) आणि वाटलं तर चार ओळींची आणखी एक प्रार्थना. सकाळी त्यानंतर आनंदानं कामाला लागावं आणि रात्री लगेच, आनंदी मनानं झोपावं, अशी तिथं सूचना आहे. अध्यायच्या अध्याय वाचून दाखवण्याची अट त्यात नाही.

मोठ्यांचं सविस्तर वाचन मुलं झोपल्यावर होऊ द्या, ते सोडायचं नाहीच. मुलांबरोबरच्या पाच मिनिटांत मात्र एक गोष्ट, एक तोंडपाठ प्रार्थना, एकेक वाक्य आपल्या शब्दांत आणि हवं तर गीताचं एक कडवं, एवढं पुष्कळ झालं. त्यातही रोज सगळं व्हायलाच हवं असं नाही.

गोष्ट वाचून दाखवू नका, सांगा. बाबांनी दुपारी कधीतरी तो भाग स्वतः दोनदा वाचावा आणि रात्री पुस्तक मिटून, मुलांच्या डोळ्यांत बघत सांगावा. मार्कच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) ४ थ्या अध्यायातलं वादळ घ्या. होडीत पाणी शिरतंय, शिष्य घाबरलेत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. ही उशी मार्कनं मुद्दाम नोंदवली आहे आणि लहान मुलांना नेमकी तीच आवडते. शिष्य त्याला उठवून जवळजवळ भांडतातच: आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? तिथं थांबा. "तुम्ही होडीत असता तर काय केलं असतं?" एवढंच विचारा. उत्तर चूक की बरोबर ते ठरवू नका आणि गोष्टीखाली तात्पर्य जोडू नका. "म्हणून आपण घाबरायचं नाही" असं म्हटलं की घाबरलेल्या मुलाला कळतं, आपल्या भीतीला इथं जागा नाही.

एकच गोष्ट आठ-दहा दिवस चालली तर चालू द्या. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पुढं काय होणार हे माहीत असणं हाच त्यांचा आनंद असतो. माझा अनुभव असा की या वयाला हरवलेलं मेंढरू (लूक १५), झाडावर चढलेला जक्कय (लूक १९), पाच भाकरी नि दोन मासळ्या देणारा मुलगा (योहान ६) आणि रात्री हाक ऐकून पुन्हा पुन्हा एली याजकाकडे धावणारा लहानगा शमुवेल (१ शमुवेल ३) या गोष्टी कधी शिळ्या होत नाहीत. रोममध्ये सोफिया कॅव्हालेत्ती आणि जियाना गोब्बी यांनी १९५४ मध्ये मुलांबरोबर काम सुरू केलं. त्यांनाही हेच दिसलं, की तीन ते सहा वर्षांची मुलं उत्तम मेंढपाळाच्या दृष्टांताकडे सर्वांत जास्त ओढली जातात. आपल्याला कुणीतरी नावानं ओळखतं आणि हरवलो तर शोधायला येतं, ही त्या वयाची खरी भूक आहे. नीती-अनीतीचे बारकावे त्यानंतर येतात.

अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून आपल्या मुलाचं, इसहाकाचं बलिदान करायला निघतो, ती गोष्ट तीन वर्षांच्या मुलाला सांगायची घाई करू नका. आईबाबांच्या कुशीत झोपणारं मूल ती अब्राहामाच्या बाजूनं ऐकत नाही, इसहाकाच्या बाजूनं ऐकतं. महापुरातून तारवात वाचलेल्या नोहाची गोष्टही आपण प्राणिसंग्रहालयाची सहल असल्यासारखी रंगवतो आणि मग एखादी सहा वर्षांची मुलगी शांतपणे विचारते, "बाकीच्यांचं काय झालं?" उत्तराची तयारी असेल तरच ती सांगा.

तोंडपाठ प्रार्थनेला हल्ली उगाच कमी लेखलं जातं. शब्द मनापासूनचे हवेत, पाठ केलेले नकोत, असं बरेच चांगले विश्वासी लोक म्हणतात. पण येशूनं शिष्यांना शब्द दिलेच ना? प्रभूची प्रार्थना रोज, हळू, एकेक ओळ करून म्हणा. तीन वर्षांच्या मुलाला 'स्वर्गातील पित्या'चा अर्थ समजावत बसू नका. आधी तो फक्त शेवटचं 'आमेन' म्हणेल, मग मधले तुटक शब्द, आणि एक दिवस सगळी म्हणून मोकळा होईल. पलंगाखालून म्हटली तरी ती प्रार्थनाच. आपले शब्द सुचेनासे होतात अशी वेळ माणसावर येते, तेव्हा लहानपणी पाठ झालेलं हेच कामाला येतं.

आपल्या शब्दांतली प्रार्थना एका वाक्याची पुरे. आज काय आवडलं, कशाची भीती वाटली, कुणासाठी मागायचं, यांपैकी काहीही चालेल. "आज मला नाही करायची" हे उत्तरही चालेल, आणि ते ऐकून कुणी उसासा टाकायचा नाही. मूल खेळण्यासाठी मागेल, मेलेल्या मुंगीसाठी मागेल, हसू नका. देवाकडे काय मागावं याचं वळण हळूहळू लागतं, आधी मागायची सवय तर लागू दे.

आणि एक खोड, जी विश्वासी घरांत फार दिसते. प्रार्थनेच्या आडून मुलांना उपदेश करायचा: "हे प्रभू, आमच्या मुलीला उलट न बोलण्याची बुद्धी दे." मुलं हे एका क्षणात ओळखतात. बोलणं देवाशी चाललंय असं दाखवून बाण आपल्यावर सोडलाय, हे त्यांना बरोबर कळतं. मुलीशी बोलायचं असेल तर मुलीशी बोला. देवाशी बोलताना स्वतःबद्दल बोला.

"देव बघतोय हं" हेही त्याच जातीचं. मुलानं खोटं बोललं, भावंडाला मारलं की हे वाक्य सहज तोंडातून जातं आणि तात्पुरता परिणामही होतो. पण ज्या देवाला आपण मेंढपाळ म्हणून ओळख करून दिली तो रात्रीतून पहारेकरी होतो. चूक झाली तर तिची दखल तुम्ही घ्या, शिक्षा असेल ती तुमची असू द्या. पौलानं इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (६:४) बापांना मुलांना चिडवू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा असं सांगितलंय आणि कलस्सैकरांस लिहिताना (३:२१) कारणही दिलंय: मुलं खचतात. त्या काळी घरात बापाच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे. ते ध्यानात घेतलं तर हा सल्ला किती जड होता हे कळतं.

मुलांच्या बाबांशी हे बोलताना आणखी एक माहिती जवळ ठेवा. व्हर्न बेंग्टसन या समाजशास्त्रज्ञानं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या साडेतीनशेहून अधिक कुटुंबांच्या पिढ्यांचा १९७० पासून तीन दशकांहून अधिक काळ अभ्यास केला. आईबापांचा विश्वास पुढच्या पिढीत कुठं उतरला हे पाहताना आईबापांशी असलेल्या नात्यातला ओलावा, त्यातही वडिलांशी असलेली जवळीक, फार महत्त्वाची ठरली. वडील चर्चमध्ये कितीही मानाचे असले, पण घरात दूरचे असले, तर त्यांची धार्मिकता मुलांपर्यंत सहसा पोचली नाही. ही माहिती बाबांना टोमणा म्हणून ऐकवू नका. जे आपलं मूल कुशीत घेऊन गोष्ट सांगू शकतात त्यांच्यासाठी ती फार चांगली बातमी आहे.

आता मुलांकडून क्षमा मागण्याबद्दल, कारण माझ्या मते घरातल्या शुभवर्तमानाचा निम्मा भाग इथंच शिकला जातो. आज रात्री चिडून ओरडलात, तर थोड्या वेळानं मुलीजवळ जाऊन म्हणा, "मी दमले होते आणि तुझ्यावर ओरडले. चूक माझी होती. मला क्षमा कर." त्यानंतर "पण तूही..." असं काही जोडू नका. तिनं लगेच "केली" म्हणावं अशी अपेक्षाही धरू नका. तिला वेळ हवा असेल तर घेऊ द्या. 'जसे आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' हे ती रोज म्हणते, त्याचा खरा अर्थ तिला त्या रात्री समजेल. काही पालकांना वाटतं यानं वचक जातो. मी तरी तसं कुठं घडलेलं पाहिलं नाही. उलट मुलं स्वतःची चूक लपवणं कमी करतात, कारण कबूल केल्यावर जग बुडत नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात मुलांना देवाच्या आज्ञा शिकवायच्या जागा दिल्यात: घरी बसलेले असता, वाटेनं चालत असता, निजता आणि उठता. म्हणजे जे आपण एरवीही करत असतोच. शाळेच्या वाटेवर रुग्णवाहिका गेली तर "प्रभू, आतल्या माणसाला सांभाळ" एवढं म्हणा आणि चालत राहा. दिवा मालवताना ४ थ्या स्तोत्राच्या शेवटच्या वचनातला विचार आपल्या शब्दांत सांगा: मी निश्चिंत झोपतो, कारण तू मला सांभाळतोस. सकाळी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून "देव तुझ्याबरोबर असो" म्हणा. याला वेळ लागत नाही, कुणी पलंगाखाली लपतही नाही.

शिवाय आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला एकटं भेटा. सुझॅना वेस्ली या बाईंना १९ मुलं झाली, त्यांतली १० जगली. त्या धबडग्यातही त्यांनी मुलांना वार वाटून दिले होते आणि त्या संध्याकाळी त्या मुलाशी निवांत बोलायच्या. जॉनचा वार गुरुवार. पुढं मेथडिस्ट ही ख्रिस्ती चळवळ उभी करणारे जॉन वेस्ली मोठेपणीही त्या गुरुवारांची आठवण काढत. तुम्हाला दोनच मुलं आहेत, दहा-पंधरा मिनिटं निघतील. विषय देवाचाच हवा असं नाही.

रविवारच्या उपासनेबद्दल फार लिहीत नाही. मागच्या बाकावर बसण्यापेक्षा पुढं बसा, मुलांना काहीतरी दिसलं पाहिजे. आधी क्रम सांगून ठेवा: गीत, वाचन, उपदेश, मग अर्पण. कागद-खडू द्या, मोबाइल नको. रडू लागला तर बाहेर न्या आणि शांत झाल्यावर परत आणा, हे परत आणणं महत्त्वाचं. कुणी वळून डोळे वटारले तर वटारू द्या. बालकांना अडवणाऱ्या शिष्यांवर येशू रागावला होता (मार्क १०:१४), बालकांवर नव्हे.

सणांच्या बाबतीतही लहानांना डोळ्यांनी दिसेल असं काही द्या. हॅम्बर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न हे अनाथ-गरीब मुलांचा आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९ मध्ये त्यांनी एका चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान लाल आणि आगमनकाळातल्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या) प्रत्येक रविवारी एक मोठी पांढरी. लहान मुलाला 'अजून तीन आठवडे' कळत नाही, अजून किती मेणबत्त्या लावायच्या ते कळतं.

आता मुलीचा प्रश्न. काय सांगू नये ते आधी. "देवाला आजी हवी होती म्हणून त्यानं नेली" असं सांगू नका, नाहीतर देवाला उद्या आईही हवी होईल या भीतीनं ती जागी राहील. "आजी झोपलीय" म्हणू नका, मुलं झोपायला घाबरतात. आणि "आपला विश्वास कमी पडला" हे तर कुणालाही, कधीही बोलू देऊ नका. घरात कुणी वडीलधारं तसं म्हणालं तर मुलीसमोरच शांतपणे सांगा की ते खरं नाही.

सांगायचं ते साधं, खरं आणि थोडक्यात. "आजीचं शरीर फार आजारी होतं आणि ते थांबलं. ते आता परत चालू होणार नाही. आपण देवाकडे मागितलं होतं आणि आपण मागितलं तसं झालं नाही. का, ते मला माहीत नाही. मलाही तिची आठवण येते आणि रडू येतं. आजी प्रभूजवळ आहे आणि प्रभू आपल्याला सगळ्यांना पुन्हा उठवील असा आपला विश्वास आहे." यात "का ते मला माहीत नाही" हे वाक्य गाळू नका. सहा वर्षांच्या आसपास मुलांना मरण कायमचं असतं हे कळू लागतं, म्हणून ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. उत्तर बदललंय का हे ती तपासते. धाकटा "आजी कधी येणार?" विचारेल, त्यालाही तेच, तितक्याच शांतपणे सांगावं लागेल.

तिला दोन गोष्टी जरूर सांगा. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे गेलेला येशू रडला (योहान ११:३५). थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. आणि वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं स्वतः मागितलं होतं की हा प्याला, म्हणजे हे दुःख, माझ्यापासून दूर कर (मार्क १४:३६). तो प्याला दूर झाला नाही. म्हणजे 'मागितलं आणि मिळालं नाही' या जागी ती एकटी उभी नाही. तिला देवावर राग आला असेल तर तो देवालाच सांगू द्या. १३ वं स्तोत्र सुरूच होतं ते 'परमेश्वरा, किती वेळ? मला कायमचा विसरणार का?' अशा तक्रारीनं. दीडशे स्तोत्रांत असं रडणं-भांडणं पुष्कळ आहे आणि इस्राएल लोकांनी ते वगळलं नाही, गायलं.

आणि ताई, आता तुमची ती शेवटची ओळ. तुम्ही ती मुलांच्या संगोपनाच्या प्रश्नात गुंडाळून पाठवलीत. पण मुलांची आजी म्हणजे तुमची आई. त्या प्रार्थना मुलीनं केल्या तशा तुम्हीही केल्या होत्या. मुलगी मोठ्यानं विचारते, तुम्ही गप्प झालात, एवढाच फरक मला दिसतो. याला विश्वासात कमी पडणं म्हणायला मी तयार नाही. हा शोक आहे, आणि शोकात असलेल्या बाईला रोज रात्री सर्वांसमोर मोठ्यानं प्रार्थना करायला लावणं हे त्या अर्ध्या तासातलं सगळ्यांत जड ओझं असावं.

म्हणून काही दिवस आपले शब्द जुळवूच नका. मुलांबरोबर प्रभूची प्रार्थना होईल तेवढी पुरे. तीही म्हणवत नसेल तर नुसत्या शेजारी बसा आणि बाकीच्यांना म्हणू द्या. मुलीला सांगायला हरकत नाही, "आज आईला जमत नाहीये, तू म्हण माझ्यासाठी." मुलांवर याचं ओझं पडत नाही, फक्त त्यांना सांत्वन करायच्या कामाला लावू नका. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागून झुडपाखाली आडवा होतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवून खाऊ घालतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाचा प्रश्न त्यानंतर फार उशिरा, होरेब डोंगरावर येतो. तुमचंही झोपणं-खाणं आधी बघा. बाबांनी रात्रीची ती पाच मिनिटं आठवड्यातून काही दिवस एकट्यानं घ्यावीत आणि तुम्ही त्या वेळी खुशाल दुसऱ्या खोलीत पडून राहावं.

त्यांच्याशी हे मुलांच्या समोर नको, मुलं झोपल्यावर बोला. सुरुवात "तुम्ही फार ओरडता" अशी न करता "मला आईची फार आठवण येते आणि प्रार्थनेत बसवत नाही" अशी करा, कारण खरं तेच आहे. पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोला, त्यांच्याशी मोकळं वाटत नसेल तर चर्चमधल्या एखाद्या जाणत्या बाईशी. आणि झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, मुलांजवळही मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पाळकांनी प्रार्थना करणं आणि डॉक्टरांनी उपचार करणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात. स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येत असतील तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी बरोबर घेऊन जा.